मुलींची काही विलक्षण नावे व त्यांचे अर्थ

मुलीचे नाव कसे असावे, याविषयी प्राचीन शास्त्रकारांनी बराच विचार केलेला आढळतो. मुलाच्या नावात अक्षरांची संख्या सम असावी व मुलीच्या नावात ती विषम असावी, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारास सुलभ, अर्थाने स्पष्ट, मनोहर, मंगल, अन्ती दीर्घ वर्ण असलेले आणि आशीर्वादवाचक असावे, असे म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी किंवा सर्प यांचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असाही निर्बंध घातलेला आहे. हा निर्बंध लोकांनी कधी फारसा मनावर घेतला असेल असे दिसत नाही. गंगा, यमुना, गोदावरी, रोहिणी, रेवती, तुळसा आणि मैना देशभर सुखाने नांदत आल्या. नाव आशीर्वादवाचक असावे हा पहिला नियम मात्र वरकरणी साधा वाटतो. तो किती ठिकाणी आणि कशा रीतीने मोडला गेला, हे पाहू लागले म्हणजे नावांच्या अभ्यासाला वेगळेच वळण लागते.

अशुभ किंवा कुरूप अर्थाची नावे भारताच्या बहुतेक सर्व भाषांत आहेत. महाराष्ट्रात धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे सर्वपरिचित आहेत. बिहार व पूर्व उत्तर प्रदेशात घुरहू आणि कतवारू ही नावे उकिरडा व केरकचरा या अर्थाच्या शब्दांवरून आली. मुलीला तेथे फेकनी म्हणतात, म्हणजे टाकून दिलेली. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात जन्मलेल्या बालकाला असे नाव देत. धोंड्याला किंवा केराला मृत्यू कशाला हात लावील, असा त्यामागचा भाबडा हिशेब होता. बंगालमध्ये याच हेतूने निराळा विधी रूढ होता. आई आपले मूल सुईणीला अगर शेजारणीला नाममात्र विकून टाकी आणि काही कवड्या मोजून पुन्हा विकत घेई. कवडीला बंगालीत ‘कडि’ म्हणतात. त्यावरून एककडी, तिनकडी, पाचकडी, सातकडी अशी नावे पडली. गिरीशचंद्र घोष यांनी १८९३ मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा रंगभूमीवर ‘मॅकबेथ’ सादर केले, तेव्हा लेडी मॅकबेथची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचे नाव तिनकडी दासी असे होते.

या नावांचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ती मुलाला जशी दिली जात, तशीच मुलीलाही दिली जात. धोंडो असतो तशी धोंडूताईही असते. केसरबाई केरकर यांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७-२०१४) यांचे नाव रसिकांना अपरिचित नाही. या नावांचा शब्दार्थ कितीही हीन असो, त्यांच्या पोटात मूल जगावे हीच आस आहे. शास्त्रकारांना अभिप्रेत असलेला आशीर्वाद येथे उलट्या तोंडाने दिलेला असतो.

दुसऱ्या एका वर्गातील नावांविषयी असे म्हणता येणार नाही, आणि ती केवळ मुलींच्याच वाट्याला आलेली आहेत.

बंगालमधील आन्नाकाली हे नाव प्रथम ऐकणाऱ्यास देवीच्या असंख्य नावांपैकीच एक वाटेल. त्याची फोड मात्र ‘आर ना, काली’ अशी आहे: आता आणखी नको, हे कालीमाते. चायना या नावाचा चीन देशाशी काही संबंध नाही. ‘चाइ ना’ म्हणजे ‘नको आहे’. तमिळनाडूत ‘पोदुम् पोण्णु’, म्हणजे ‘पुरे झाली मुलगी’, अशा नावाच्या स्त्रिया आढळतात. काही खेड्यांत तर ‘वेण्डाम्’, म्हणजे ‘नको’, एवढेच नाव ठेवलेले असते. हरियाणात भतेरी, काफी व भरपाई ही नावे आहेत. भतेरीचा अर्थ ‘पुष्कळ झाल्या’ असा आहे. राजस्थानातील धापू हे नाव ‘धापणो’ या क्रियापदावरून आले. त्याचा अर्थ पोट भरणे, तृप्त होणे असा असल्यामुळे ते कानाला जरा सौम्य लागते. पण मुलींनी पोट भरले असा त्याचा रोख असे. महाराष्ट्रातील नकोशी किंवा नकुसा ही याच कुळातली.

एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या व परस्परांची भाषा न जाणणाऱ्या या प्रदेशांत समजूत मात्र एकच दिसते: तिसऱ्या-चौथ्या मुलीला असे नाव दिले म्हणजे पुढचे अपत्य मुलगा होते. याचा अर्थ असा की, हे नाव हाक मारण्यासाठी वापरले जात असले तरी त्या मुलीला उद्देशून ठेवलेले नसते. ते दैवाला उद्देशून केलेले मागणे असते आणि मुलगी केवळ त्याची वाहक असते. बंगालीतील दोन जुनी नावे शेजारी ठेवली तर हा भेद स्पष्ट होतो. थाकमणि आणि क्षान्तमणि या दोन्ही नावांच्या अखेरीस ‘मणि’ आहे. ‘थाक’ म्हणजे ‘राहा’, आणि ‘क्षान्त’ म्हणजे ‘थांबलेले, विराम पावलेले’. पहिल्या नावात घरची माणसे मुलीला जाऊ नकोस म्हणून विनवीत आहेत. दुसऱ्यात मुलींची रांग थांबू दे, असे देवाला सांगत आहेत.

सुशिक्षित कुटुंबांनीही हे मागणे सोडून दिले असे नाही; त्यांनी त्याला संस्कृत वेष चढविला. बंगालमधील समाप्ती आणि इति, हिंदी भाषिक प्रदेशातील अंतिमा ही नावे श्रुतिमधुर आहेत, मनूच्या बहुतेक अटींत बसतीलही. समाप्ती नावाच्या प्रत्येक मुलीमागे हीच कथा असेल असे अर्थातच नव्हे. नाव एकदा रुळले की पुष्कळदा ते केवळ आवडले म्हणून ठेवले जाते. कन्नडमधील साकम्मा हे नाव तर अर्थाच्या दृष्टीने दुहेरी आहे. ‘साकु’ म्हणजे ‘पुरे’, आणि ‘साकु’ म्हणजे ‘पाळणे, वाढविणे’ही. कोणत्या घरात कोणता अर्थ मनात होता, हे नावावरून सांगता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगळूरमध्ये कॉफीच्या भुकटीचा मोठा व्यवसाय उभा करणाऱ्या साकम्मांना सारे शहर ‘कॉफीपुडी साकम्मा’ म्हणून ओळखत होते. तेथे मूळ अर्थाची चौकशी करण्याचे कारणच उरले नव्हते.

देशातील सहा वर्षांखालील बालकांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४५, २००१ मध्ये ९२७ व २०११ मध्ये ९१९ अशी घटत गेली. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा १९९४ मध्ये संमत झाला होता. या आकड्यांच्या उजेडात नकोशी या नावाकडे पाहिले म्हणजे एक कठोर गोष्ट जाणवते: हे नाव मिळालेली मुलगी निदान जन्माला तरी आलेली असते.

सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये या नावाच्या मुलींचा शोध घेण्यात आला, आणि त्या वर्षीच्या २२ ऑक्टोबरला झालेल्या समारंभात २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांपैकी पुष्कळ मुली शाळेत जाणाऱ्या होत्या. ज्या नावाने वर्गात हजेरी घेतली जाई, त्याचा अर्थ साऱ्या वर्गाला कळत होता. बंगालीतील आन्नाकालीची फोड करावी लागते. नकोशीची करावी लागत नाही.

हरियाणाच्या हिसार जिल्ह्यातील भगाना गावच्या एका मुलीने मात्र आपले नाव तसेच राहू दिले. चौथी मुलगी, आणि यापुढे मुलगी नको, म्हणून तिचे नाव अंतिम ठेवण्यात आले होते. अंतिम पंघाल हिने २०२२ मध्ये बल्गेरियातील सोफिया येथे वीस वर्षांखालील कुस्तीगिरांच्या जागतिक स्पर्धेत ५३ किलो वजनगटाचे सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी ती पहिलीच भारतीय स्त्री ठरली. पुढच्या वर्षी तिने ते पुन्हा जिंकले.