पाच मिनिटं बसू द्या

गेल्या वर्षी अकरावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात लेकीच्या क्लासनं 'नीट'च्या उन्हाळी वर्गाचं वेळापत्रक पाठवलं. रोज सहा तास, अख्खा मे महिना. आणि नेमका तेव्हाच तिच्या मामानं निरोप आणला की तळकोकणात एका न्यासाच्या दवाखान्यात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी दहा दिवसांचं वैद्यकीय शिबिर आहे. राहणं-खाणं तिथंच, दिवसभर दवाखान्यात. मी ऐकताक्षणी नको म्हटलं. दहा दिवस म्हणजे साठ तासांचा अभ्यास बुडणार, हाच हिशेब माझ्या डोक्यात.

ती म्हणाली, "आई, एमबीबीएसला साडेपाच वर्षं द्यायची, तीही पहिल्या फटक्यात नंबर लागला तर. आधी एकदा बघू तरी दे, ते लोक दिवसभर करतात काय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या दहावीपासून घरात डॉक्टर हा शब्द मी हजार वेळा उच्चारला असेन. पण डॉक्टरचा दिवस कसा जातो, हे तिला कधी दाखवलं नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं? रुग्ण म्हणून केबिनमध्ये बसलेली पाच-सात मिनिटं, तेवढीच माझी ओळख.

पालकांनो, आपण ज्या परीक्षेमागे मुलांना पळवतो आहोत ती कशी आहे, हे तुम्हाला पाठच असेल. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. देशभरातून वीस लाखांहून जास्त मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातही जो लवकर सुटेल तो आधी. दोन वर्षं आपली मुलं हेच शिकतात, की थांबायचं नाही. शिबिरात तिला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते याच्या अगदी उलट होतं.

बीपी मोजायला शिकवणाऱ्या सिस्टर तीस वर्षांच्या अनुभवी. त्यांनी आधी यंत्राला हातच लावू दिला नाही. माणूस आला की त्याला खुर्चीत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. आणि पाच मिनिटं काही करायचं नाही. उन्हातून, एसटीतून, घाटी चढून आलेल्या माणसाचं बीपी लगेच मोजलं तर तो आकडा त्याच्या धावपळीचा असतो. लेक म्हणाली, पहिल्या दिवशी ती पाच मिनिटं सरता सरत नव्हती. मुलं एकमेकांकडे बघून हसत होती. चौथ्या दिवसापर्यंत तिला कळायला लागलं की त्या पाच मिनिटांत माणूस दिसतो. श्वास कसा चाललाय, पायावर सूज आहे का, बोटं थरथरतात का, सोबत कुणी आलंय की एकटाच आलाय.

पहिले तीन दिवस मुलांनी एकमेकांचंच बीपी मोजलं. दंडावर पट्टा गुंडाळायचा, मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होईपर्यंत हवा भरायची, त्यावर आणखी थोडी भरायची आणि मग काटा सावकाश उतरू द्यायचा. स्टेथोस्कोपमध्ये पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके विरून जातात तो खालचा. हे ठोके कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरानं 1905 मध्ये पहिल्यांदा सांगितले. आज आपण शंभर रुपयांच्या तपासणीत ते गृहीत धरतो. चौथ्या दिवशी सिस्टरनी ओपीडीतल्या एका आजींना विचारलं, "आजी, ही पोर शिकतेय. हिनं तुमचं बीपी बघितलं तर चालेल का? नको असेल तर सरळ नको म्हणा."

आजी म्हणाल्या, "बघ गो चेडवा. माका खंय घाई आसा."

लेकीनं दोनदा पट्टा फुगवला. तिला ठोका ऐकूच येईना. कानात स्वतःच्याच छातीची धडधड. समोर सिस्टर, मागे रांग. तिनं घाईघाईत 130 म्हणून टाकलं. सिस्टरनी स्वतः मोजलं. आकडा बराच वर होता. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "ऐकू आलं नाही तर ऐकू आलं नाही म्हणायचं. अंदाजानं आकडा लिहायचा नाही. इथं एक गुण वजा होत नाही, इथं गोळी बदलते."

फोनवर हे सांगताना ती रडली. मी तिला 'अगं, शिकतेस अजून' असं काहीतरी म्हटलं, पण मलाच झोप लागली नाही. क्लासमध्ये आम्ही पैसे भरून तिला पर्याय गाळून अंदाज बांधायला शिकवत होतो.

मधल्या रविवारी पालकांना भेटीला बोलावलं होतं. मी आणि हे गेलो. तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. ओपीडीच्या व्हरांड्यातून लेक दिसली, पांढरा ॲप्रन, कानात स्टेथोस्कोप, समोर एक म्हाताऱ्या बाई. माझा ऊर भरून आला. मी फोटो काढला आणि तिथूनच आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत 'भावी डॉक्टर'ला शुभेच्छांचे ढीग. मुलांचे फोन दिवसभर कपाटात असत, रात्री अर्धा तास मिळत. त्या रात्री तिचा फोन आला.

"आई, तो फोटो आधी काढून टाक. त्या आजींना विचारलं होतंस?"

मी म्हटलं, अगं घरचाच ग्रुप आहे.

"घरचा आपला. त्यांचा नाही. त्या दवाखान्यात कशासाठी येतात हे त्यांच्या सुनेलासुद्धा माहीत नाही."

मी फोटो ग्रुपवरून काढून टाकला. पण तोवर तो कितीजणांच्या फोनमध्ये उतरला होता. एकेकाला फोन करून पुसायला सांगितलं, दोघांनी नाराजी दाखवली. माझ्या वयाच्या बाईला सतरा वर्षांच्या मुलीनं हे शिकवावं, याची मला लाज वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी मुलांना सांगितलं होतं म्हणे, की इथं पाहिलेलं सगळं सांगा, पण कुणाचं पाहिलं ते सांगू नका.

म्हणून पुढची हकिगत सांगतानाही तिनं नाव-गाव सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सातव्या दिवशी दुपारी एक माणूस आला. काजूच्या बागेतला पातेरा गोळा करताना हाताला फुरसं जातीचा साप चावलेला. कोकणातल्या कातळसड्यांवर फुरसं भरपूर, आणि त्याच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. जखम टीचभर, पण आत कुठंही रक्तस्राव सुरू होऊ शकतो. तिथं लॅबमध्ये मोठी यंत्रं नव्हती. टेक्निशियननं हातातून दोन मिलिलीटर रक्त काढून काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घातलं आणि ती नळी स्टँडला लावून ठेवली. वीस मिनिटं. हलवायची नाही, उचलून बघायची नाही. काचच लागते, प्लास्टिक चालत नाही, आणि साबणानं धुतलेली नळीही चालत नाही, कारण मग निकाल चुकतो. वीस मिनिटांनी नळी एकदाच आडवी करायची. रक्त गोठलेलं असलं तर ठीक, पातळ वाहिलं तर प्रतिविष.

लेकीला घड्याळाकडे बघायचं काम दिलं होतं. दाराशी त्या माणसाची बायको उभी. दर दोन मिनिटांनी विचारायची, झालं काय? लेकीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ती मला म्हणाली, "आई, वीस मिनिटांत मी क्लासमध्ये वीस प्रश्न सोडवते. तिथं एकच प्रश्न होता आणि मला त्याचं काहीच करता येत नव्हतं." बाराव्या मिनिटाला तिनं आत जाऊन एक स्टूल आणलं आणि त्या बाईंना बसवलं. स्वतः शेजारी खाली बसली.

नळी आडवी केली, रक्त वाहिलं. प्रतिविषाच्या बाटल्या सलाइनमधून सुरू झाल्या. घोड्याच्या रक्तातून तयार होणारं हे औषध हाफकिन संस्थेत कितीतरी दशकं बनत आलंय, हे त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मुलांना सांगितलं. दर सहा तासांनी पुन्हा नवी नळी, तीच वीस मिनिटं. सकाळी सहाला लेक तोंड न धुता लॅबमध्ये गेली. पहाटेच्या नळीतलं रक्त गोठलं होतं.

नळी आडवी केली त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांची गोष्ट सांगितली. 1976 मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, त्यात लहान मुलं फार, डोळ्यांदेखत दगावत. विंचवाला औषध नाही असंच सगळे धरून चालत. बावस्कर रुग्णांच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून नाडी, बीपी, श्वास टिपत राहिले. 1982 मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर वापरून त्यांनी चाळीसेक टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लेकीच्या वहीत या गोष्टीखाली एकच ओळ आहे: 'बसून राहिले, म्हणून दिसलं.'

सगळंच असं उजळ नव्हतं. मधुमेहानं सडलेल्या पायाचं ड्रेसिंग बघताना तिला घेरी आली. सिस्टरनी तिला खाली बसवलं, कोकम सरबत दिलं आणि म्हणाल्या, बरं वाटलं तर परत ये, नाही वाटलं तर नको येऊस. ती परत गेली. तिच्याबरोबरचा एक मुलगा गेला नाही, आणि पाचव्या दिवशी त्यानं आई-वडिलांना सांगून टाकलं की मला हे नाही जमणार. माझ्या मते त्या शिबिरात सगळ्यात जास्त कमाई त्या मुलाच्या घराची झाली. दोन वर्षं, क्लासची फी आणि एका पोराची घुसमट वाचली.

हल्ली अशा शिबिरांच्या जाहिराती फार दिसतात. त्यातली काही मला मुळीच पटत नाहीत. मुलांना ॲप्रन चढवायचा, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं करून फोटो काढायचे, शेवटी जाड कागदाचं प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्राचा प्रवेशाला काडीचा उपयोग नाही, प्रवेश 'नीट'च्या गुणांवरच होतो. पाठवण्याआधी तुम्ही स्वतः एक फोन करा आणि विचारा, की रुग्णाची परवानगी कोण घेतं आणि कशी घेतं? मुलांच्या हातात सुई तर देत नाहीत ना? मुलांवर लक्ष ठेवायला कोण असतं? उत्तरं गुळमुळीत आली तर पाठवू नका. आणि काविळीची, म्हणजे हेपॅटायटिस बीची लस मुलाची पूर्ण झालीय का ते आधी बघा. तीन डोस असतात, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सहा महिने जातात, एप्रिलमध्ये आठवण होऊन उपयोग नाही.

निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा पालकांना वेगळं बसवून एकच गोष्ट मागितली. घरी गेल्यावर मुलांना 'मग, काय ठरलं?' असं विचारू नका, म्हणाले. निदान आठ दिवस नको. त्यांनी बरंच काही पाहिलंय, ते खाली बसू द्या.

गाडीत माझ्या जिभेवर तो प्रश्न दहादा आला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आंबा घाट चढताना तीच बोलायला लागली, आणि ती डॉक्टर होण्याबद्दल बोललीच नाही. स्टुलाबद्दल बोलली.

आता तिची बारावी चालू आहे, क्लासही चालू आहे. रोज रात्री साडेआठला ती आजीला खुर्चीत बसवते, टीव्ही बंद करते आणि पाच मिनिटं समोर नुसती बसून राहते. मग पट्टा बांधते. आकडा वहीत लिहिते. ऐकू आलं नाही तर तसं लिहिते.

यंदा मे महिन्यात तुमचं मूल अशा शिबिराहून परत येईल, तेव्हा तुम्हीही त्याला काही विचारू नका. आठ दिवस म्हणून सांगितलं होतं, आमच्या घरी अजून तो प्रश्न कुणी विचारलेला नाही.