चढणीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा लंगडत दवाखान्यात आला. घोटा सुजलेला, ओठ कोरडे. आदल्या दिवशी मित्रांबरोबर कळसूबाईला गेला होता. उतरताना लोखंडी शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय निसटला. सुदैवाने हाड मोडलेले नव्हते. शनिवारी रात्री दहाला दुकान बंद करून पाच जण गाडीने निघाले, दोनच्या सुमारास बारी गावात पोहोचले आणि टॉर्च लावून लगेच चढायला लागले, असे चौकशीत कळले.

"येताना गाडी कोणी चालवली?" मी विचारले.

"ज्याने जाताना चालवली त्यानेच, सर."

घोट्यापेक्षा मला हे उत्तर जास्त गंभीर वाटले. तो मित्र शनिवारी सकाळी सातला उठलेला होता. रविवारी दुपारी तो स्टेअरिंगवर बसला तेव्हा त्याला जागून तीस तास होत आले होते. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या कायद्याची वाहनचालकासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न घेता तो दारू प्यायल्यासारखाच गाडी चालवत होता.

मार्च २०२४ मध्ये समृद्धी महामार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाल्यापासून जालन्याची तरुण मंडळी अशी रातोरात जाऊ लागली आहेत. रस्ता सरळ आणि एकसुरी, त्यामुळे डुलकी कधी लागते ते कळतही नाही. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. वर जायला तीन-चार तास लागतात. उतरताना मांड्यांचे स्नायू शरीराचा भार पेलून आधीच थकलेले असतात. त्यात झोप नसेल तर पाय नेमका पडत नाही.

तेव्हा शनिवारी दुपारीच निघावे आणि घोटी, भंडारदरा किंवा बारीत मुक्काम करावा. बारीतली काही कुटुंबे जेवणाची व झोपण्याची सोय करतात. खोलीचे भाडे पाच जणांत वाटले की फार पडत नाही. लॉजवर असाल तर रस्त्याकडची खोली घेऊ नये, रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकावे लागतात.

मात्र परक्या जागी पहिल्या रात्री झोप सावधच लागते. मेंदूचा डावा भाग त्या रात्री काहीसा पहारा देत असतो, असे २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळले. म्हणून गुरुवार-शुक्रवारची झोपही भरपूर घ्यावी. एका रात्रीवर सगळी भिस्त ठेवू नये.

जेवण आठच्या आत आटोपावे. ढाब्यावरची तेलाची तर्री परतीच्या दिवसासाठी राखून ठेवा. वरण-भात, पोळी-भाजी पुरे. "थोडी घेतली की झोप चांगली लागते" हा समज चुकीचा आहे. मद्याने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर मोडते आणि लघवी जास्त होऊन अंगातले पाणी कमी होते. सकाळी लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे.

मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चढणीच्या श्रमाने एकदम उतरू शकते. डोस कमी करायचा का, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. नाश्ता टाळू नये. साखरेची पुडी सॅकच्या तळाशी नको, खिशात हवी. रक्तदाबाची गोळी "आज राहू दे" म्हणून चुकवू नये.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. लॉजच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर तो खिडकी बंद ठेवून चालवू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग शुद्ध जाते. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणेही तितकेच घातक. असे कोणी बेशुद्ध आढळले तर आधी दारे-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.

खाली उतरल्यावर गाडी चालवणाऱ्याने दोन तास तरी झोपावे. चहाने डोळे उघडे राहतात, झोप भरून निघत नाही. शक्य तर आणखी एक रात्र तिथेच राहून सोमवारी सकाळी निघावे.

त्या मुलाचा घोटा तीन आठवड्यांत बरा झाला. थंडीत पुन्हा जायचे म्हणतो आहे, या वेळी दुपारी निघून. शनिवारी संध्याकाळी दुकानात कोण बसणार, हे मात्र त्याने वडिलांना अजून विचारलेले नाही.