मासे घरात आलेत, तर पाण्याला वेळ दे

अगं, फोनवर तुझा आवाज किती रडवेला झाला होता! दर रविवारी मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, दगड नळाखाली घासायचे, फिल्टरचा स्पंज पांढराशुभ्र करायचा, आणि बुधवारी बघावं तर पाणी पुन्हा दुधाळ. ताईचं ऐक, कष्टात तू कुठेच कमी पडत नाहीयेस. उलट फार धुतेस, आणि पाणी बिघडतंय ते त्यामुळेच.

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून तो सारखा खायला मागतो आणि घाणही भरपूर करतो. विष्ठा तुला दिसते. कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा अमोनिया मात्र दिसत नाही, आणि तोच जीवघेणा. स्पंजवर, दगडांवर, काचेवर काही जीवाणू चिकटून वाढतात. ते या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तू दर रविवारी क्लोरीनच्या पाण्याने त्यांना धुऊन टाकतेस. मग उरलेल्या अन्नावर दुसरे, तरंगणारे जीवाणू झपाट्याने वाढतात. तुझ्या टाकीतला दुधाळपणा म्हणजे तेच.

आता लगेच टाकी उपसू नकोस. खाणं निम्मं कर. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच घाल आणि तळाशी उरलेलं काढून टाक. माशांच्या दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा संच मिळतो, तो आण. दोन्ही शून्य असायला हवेत. आकडा दिसला तर त्या दिवशी पाव टाकी पाणी बदल, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपास. डोळ्यांवर मात्र विसंबू नकोस. आरशासारख्या नितळ पाण्यातही मासे वर येऊन धापा टाकत असतात, ते या न दिसणाऱ्या विषामुळे.

पुढे आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदललंस की पुष्कळ झालं. सायफनची नळी दगडांमध्ये खुपस. तपकिरी ढग उठून नळीत चढताना दिसेल. ढग विरळ झाला की नळी पुढच्या जागी ने. एखाद्या आठवड्यात दगडांऐवजी स्पंज घे आणि टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळ. पाणी चहासारखं होईल. स्पंज मळकटच राहिला पाहिजे, पांढरा करायचाच नाही. ज्या दिवशी स्पंज पिळशील त्या दिवशी दगड ढवळू नकोस. नवं पाणी ओतण्याआधी त्यात अँटीक्लोरीन घाल आणि टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-थंड आहे ना, ते हात घालून बघ. साबण टाकीच्या आसपाससुद्धा नको.

पाणी हिरवं झालं तर घाबरू नकोस, ते शेवाळ आहे. टाकीवर खिडकीतलं ऊन पडत असेल तर टाकी हलव, दिवा सहा-आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नकोस. लाकडाच्या ओंडक्यामुळे येणारा पिवळसर रंग निरुपद्रवी असतो. पाणी नितळ करणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नकोस. त्या तरंगणारे कण एकत्र गोळा करतात, पण अमोनिया तिथेच राहतो. निळं औषधही उगाच टाकायचं नाही, ते आजारी माशासाठी आहे आणि फिल्टरमधले आपले जीवाणू मारतं.

एक गोष्ट जरा कठोर वाटेल, पण सांगते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं, आणि तू त्यात पाच मासे सोडलेत. साधा गोल्डफिश नीट वाढला तर फूटभर होतो. इतक्यांची घाण ते पाणी पेलणार नाही, तू कितीही जपलंस तरी. तीन मासे दुकानदाराला परत दे. उरलेल्या दोघांसाठीही पुढे मोठी टाकी लागेल, पण मोकळं पाणी मिळालं की ते किती वेगळे पोहतात ते बघशीलच.

आणि उन्हाळा आलाच आहे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि अमोनिया जास्त बाधतो. टाकीतलं पाणी दोन बोटं खाली ठेव, म्हणजे फिल्टरची धार वरून पडून हवा मिसळेल. वीज बराच वेळ गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लाव आणि खाणं घालू नकोस. वीज आली म्हणून फिल्टर लगेच सुरू करू नकोस. बंद स्पंजमध्ये साचलेलं सडकं पाणी थेट माशांवर येतं. आधी स्पंज काढून टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत पिळून घे, मगच बटण दाब.