आकड्यांची पारख आणि सॉफ्टवेअरची निवड

कोणत्याही मोठ्या व्यवसायात दररोज शेकडो नोंदी होत असतात. मालाची मागणी येते, बीजक तयार होते, माल गुदामातून बाहेर पडतो, पैसे जमा होतात. यांतील एकेक नोंद सुटी पाहिली असता तिच्यावरून फारसा बोध होत नाही. अशा असंख्य नोंदींची वर्गवारी व बेरीज केली म्हणजे धंदा कोणत्या दिशेने चालला आहे हे कळू लागते.

हे काम मोठ्या प्रमाणावर यंत्राकडे सोपविले गेले ते अमेरिकेच्या १८९० सालच्या जनगणनेत. त्या वेळी हर्मन हॉलरिथ यांची, भोके पाडलेली कार्डे मोजणारी यंत्रे वापरण्यात आली. १९५८ साली आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी आपल्या एका निबंधाच्या शीर्षकात ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्दप्रयोग योजला. ज्याला जी माहिती हवी ती त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचविणारी यंत्रणा त्यांना अभिप्रेत होती. पुढे १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती परस्परांशी जोडता येतील अशा तक्त्यांत ठेवण्याची पद्धत मांडली. अहवाल तयार करणारी आजची बहुतेक सॉफ्टवेअरे याच पद्धतीचा आधार घेतात.

अशी सॉफ्टवेअरे आज पुष्कळ उपलब्ध आहेत. त्यांतून एकाची निवड करताना रंगीत आलेखांकडे प्रथम लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु चुकीच्या आकड्याचा आलेखही बरोबर आकड्याच्या आलेखाइतकाच सुबक दिसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दोन प्रकारच्या गरजा

कंपनीची गरज कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरविणे अगत्याचे असते. बीजके, पगारपत्रके, मासिक विवरणे यांचा नमुना ठरलेला असतो. प्रश्न तोच राहतो, आकडे तेवढे बदलतात आणि छापील पानावर प्रत्येक रकाना जागच्या जागी यावा लागतो. क्रिस्टल रिपोर्ट्स व जास्पररिपोर्ट्स ही सॉफ्टवेअरे मुख्यतः अशा कामासाठी आहेत.

दुसऱ्या प्रकारात प्रश्न आधी ठाऊक नसतो. विक्री घटली, ती कोणत्या विभागात, कोणत्या मालाची आणि कोणत्या महिन्यापासून, असे एका उत्तरातून पुढचे प्रश्न निघत जातात. टॅब्लो, पॉवर बीआय, मेटाबेस व सुपरसेट ही सॉफ्टवेअरे प्रामुख्याने अशा शोधासाठी वापरली जातात. काही सॉफ्टवेअरांत दोन्ही सोयी असतात. उदाहरणार्थ, पॉवर बीआयमध्ये पानांच्या मापात बसणारे अहवालही तयार करता येतात.

तीन कसोट्या

गरज ठरल्यावर दोन-तीन सॉफ्टवेअरांची तुलना करावी. त्यासाठी पुढील तीन कसोट्या उपयोगी पडतात.

पहिली कसोटी सरासरीची. समजा, एका कारखान्याच्या दोन शाखा आहेत. पहिलीने ९०० मागण्यांपैकी ८५५, म्हणजे ९५ टक्के, वेळेवर पुरविल्या आणि दुसरीने १०० पैकी ६०, म्हणजे ६० टक्के. या दोन टक्केवारींची सरासरी ७७.५ येते. परंतु एकूण १,००० मागण्यांपैकी ९१५ वेळेवर गेल्या असल्याने खरे प्रमाण ९१.५ टक्के आहे. अहवालाच्या तळाशी सॉफ्टवेअर कोणता आकडा दाखविते व तो योग्य रीतीने मांडणे किती सोपे आहे, हे पाहावे.

दुसरी कसोटी तक्त्यांच्या जोडणीची. १०,००० रुपयांच्या एका मागणीचा माल तीन खेपांत पाठविला, अशी कल्पना करा. मागण्यांचा तक्ता खेपांच्या तक्त्याशी जोडला की तीच मागणी तीन ओळींत येते आणि बेरीज ३०,००० रुपये दाखविली जाते. ही चूक सहजी दिसून येत नाही, कारण प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबरच असते. टॅब्लोमध्ये २०२० पासून तक्त्यांचे संबंध वेगळ्या रीतीने नोंदवून ही दुबार बेरीज टाळण्याची सोय झाली आहे. इतर सॉफ्टवेअरांतही त्यावर उपाय असतात, पण ते कोणी व कसे योजायचे यांत फरक आहे.

तिसरी कसोटी स्थानिक रीतीची. भारतातील आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. ‘पहिली तिमाही’ म्हटल्यावर सॉफ्टवेअरने जानेवारी ते मार्च धरले, तर सारी तुलना फसते. त्याचप्रमाणे रक्कम १२,३४,५६७ अशी लाख-कोटींच्या पद्धतीने दाखविता येते की नाही, आणि देवनागरीतील जोडाक्षरे छापताना तुटतात काय, हेही तपासावे.

खर्च आणि अधिकार

काही सॉफ्टवेअरांचा परवाना माणशी घ्यावा लागतो. अहवाल रचणारे २० आणि नुसते पाहणारे ४०० असतील, तर पाहणाऱ्यांसाठी किती द्यावे लागते यावरच खर्चाचे गणित ठरते. मेटाबेस व सुपरसेट ही मुक्त स्वरूपात मिळतात. तथापि सर्व्हर, देखभाल व जाणता कर्मचारी यांचा खर्च तेथेही चुकत नाही. शिवाय, एका शाखेच्या व्यवस्थापकास केवळ त्याच शाखेचे आकडे दिसावेत अशी व्यवस्था करता येते काय, याचीही खात्री करून घ्यावी.

या सर्व परीक्षा विक्रेत्याने आणलेल्या नमुन्याच्या आकड्यांवर घेऊ नयेत. लेखापरीक्षकांनी तपासलेला कंपनीचाच एखादा जुना महिना निवडावा, प्रत्येक सॉफ्टवेअरला तेच प्रश्न घालावेत आणि अहवाल कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडूनच करवून घ्यावा. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे कोण कोठे चुकते ते लगेच उघड होते.

असे करताना बहुधा आणखी एक गोष्ट उघडकीस येते. ‘विक्री’ म्हणजे नोंदविलेली मागणी, दिलेले बीजक की हाती आलेली रक्कम? वस्तू व सेवा कर तीत धरावा काय? परत आलेला माल केव्हा वजा करावा? विक्री विभाग व हिशेब विभाग यांची उत्तरे निराळी असतील, तर त्यांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. ठरलेली व्याख्या एकाच ठिकाणी साठवून सर्व अहवालांत ती वापरण्याची सोय चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. परंतु ती व्याख्या ठरविण्याचे काम माणसांचेच आहे. म्हणून कंपनीने प्रथम आपल्या महत्त्वाच्या दहा-बारा संज्ञांचे अर्थ कागदावर लिहून काढावेत आणि मगच सॉफ्टवेअरच्या शोधास लागावे.