एक्सपोर्ट केलं, मग गेलं कुठे?

फोर्क आणि एक्झेक आपण व्हायव्हापुरतं पाठ करतो. पण ऑटोमॅटिक बिल्ड लावायला घेतलं की त्याच धड्याची गरज पडते.

एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणजे नाव आणि व्हॅल्यू यांची जोडी. १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ पासून नियम एकच आहे : प्रत्येक प्रोसेसला पेरेंटकडून या जोड्यांची कॉपी मिळते. म्हणजे वारसा वरून खाली येतो. चाइल्डने आपल्या कॉपीत काहीही बदललं, तरी ते पेरेंटला कळत नाही आणि भावंडांनाही नाही.

आता गिटहब अ‍ॅक्शन्स घ्या. यात वर्कफ्लोमध्ये जॉब्स असतात आणि जॉबमध्ये स्टेप्स. प्रत्येक रन स्टेपला नवा शेल मिळतो. पहिल्या स्टेपमध्ये तुम्ही व्हर्जन नंबर एक्सपोर्ट केला. स्टेप संपली, शेल संपला, व्हेरिएबलही गेलं! पुढची स्टेप ही त्याची भावंड, तिला काहीच मिळत नाही. गंमत म्हणजे शेल एररही देत नाही, रिकामी जागा भरून पुढे जातो. बिल्ड पास, पण फाइलच्या नावात व्हर्जनच नाही.

मग करायचं काय?

१) व्हॅल्यू आधीच माहीत असेल तर वर्कफ्लोच्या फाइलमध्ये ‘एन्व्ह’ खाली लिहा. हे वर्कफ्लो, जॉब किंवा स्टेप अशा तिन्ही पातळ्यांवर चालतं. नाव सारखं असेल तर सर्वांत आतली व्हॅल्यू लागू होते.

२) व्हॅल्यू बिल्ड चालू असताना तयार होत असेल तर ‘गिटहब_एन्व्ह’ बघा. त्यात एका फाइलचा पत्ता असतो. त्या फाइलच्या शेवटी ‘नाव=व्हॅल्यू’ अशी ओळ जोडा. पुढच्या स्टेप्सना ती मिळते, त्याच स्टेपला मात्र नाही.

३) दुसऱ्या जॉबला द्यायची असेल तर जॉबचं आउटपुट वापरा, कारण ही फाइल जॉबच्या बाहेर जात नाही.

फाइलच का? पूर्वी ‘सेट-एन्व्ह’ कमांड नुसती स्क्रीनवर छापली तरी चालायची, कारण रनर आउटपुटमध्ये अशा ओळी शोधायचा. पण परक्या माणसाने इश्यूमध्ये तशी ओळ लिहिली आणि बिल्डने ती छापली, तर व्हेरिएबल त्याच्या हातात! म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये ती कमांड बंद झाली.

शेवटी दोन सवयी लावून घ्या. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -यू’ लिहा, म्हणजे न ठरवलेलं व्हेरिएबल वापरताच बिल्ड थांबेल. आणि पासवर्ड कधीही ‘एन्व्ह’ खाली उघडा लिहू नका, तो सिक्रेट्समध्येच ठेवा.