जनित्राच्या इंधनमापकाचा काटा चुकतो तेव्हा : दोषशोध व दुरुस्ती

द्राक्षाचे प्रीकूलिंग केंद्र, दूध शीतकरण केंद्र आणि बंदिस्त कुक्कुटपालन शेड या तिन्ही ठिकाणी वीज गेल्यानंतरची सारी भिस्त डिझेल जनित्रावर असते. संकलन केंद्रावरील दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागते. काढणीनंतर द्राक्षातील उष्णता काही तासांतच काढून घ्यावी लागते. उन्हाळ्यात बंदिस्त शेडमधील पंखे थांबले, तर अल्पावधीत पक्षी दगावू लागतात. अशा वेळी इंधनमापकाचा काटा अर्धी टाकी दाखवत असतानाच मध्यरात्री इंजिन बंद पडले, तर नुकसान केवळ डिझेलपुरते राहत नाही. टाकी कोरडी झाल्यावर इंधननळीत हवा शिरते. मग डिझेल ओतल्यावरही हातपंपाने ही हवा काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

याउलट दोषही घडतो. काही स्वयंचलित नियंत्रक इंधन कमी असल्याचा संकेत मिळताच इंजिन थांबवतात. तेथे टाकी भरलेली असूनही चुकीच्या संकेतामुळे जनित्र बंद पडू शकते.

मापकाचे कार्य

बहुतेक जनित्रांच्या टाकीत सेंडर बसवलेला असतो. त्याचा फ्लोट इंधनाबरोबर वरखाली होतो आणि त्यानुसार सेंडरचा विद्युत रोध बदलतो. हा रोध पाहून पॅनेलवरील काटा किंवा नियंत्रक पातळी दर्शवतो. रोधाचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिल्यात रिकाम्या टाकीला सुमारे १० ओहम आणि भरलेल्या टाकीला सुमारे १८० ओहम रोध असतो. दुसऱ्यात क्रम उलटा असून रिकाम्या टाकीला सुमारे २४० आणि भरलेल्या टाकीला सुमारे ३३ ओहम असतो. सेंडर एका प्रकारचा आणि मापक दुसऱ्या प्रकारचा बसवल्यास काटा उलट दिशेने चालतो. सुटा भाग बदलल्यानंतर आढळणाऱ्या दोषाचे हे एक नेहमीचे कारण आहे.

तपासणीपूर्वीची दक्षता

जनित्र स्वयंचलित पद्धतीवर असल्यास प्रथम ते बंद स्थितीत आणावे, अन्यथा वीज जाताच इंजिन अचानक सुरू होण्याचा धोका असतो. इंजिन थंड होऊ द्यावे. जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी. सेंडर टाकीतून काढायचा असल्यास आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. पेट्रोल जनित्राच्या उघड्या टाकीजवळ विद्युत चाचणी करू नये.

दोषशोधाचा क्रम

१. प्रत्यक्ष पातळी मोजावी. स्वच्छ, कोरडी मापनपट्टी टाकीच्या तळापर्यंत उभी बुडवून डिझेलची उंची पाहावी. जनित्र समतल जागी असावे. या मोजमापाशी काटा जुळत असेल, तर दोष मापकात नाही.

२. पॅनेलवरील इतर मापके पाहावीत. तापमान व तेलदाबाचे काटेही चुकत असतील, तर सेंडर निर्दोष असण्याचा संभव अधिक असतो. अशा वेळी फ्यूज, पॅनेलचा वीजपुरवठा आणि सामाईक अर्थिंग तपासावे.

३. सेंडरची जोडणी पाहावी. गंजलेली टोके, उंदरांनी कुरतडलेली तार आणि सैल अर्थिंग ही नित्याची कारणे आहेत. प्लॅस्टिक टाकीला स्वतंत्र अर्थ तार आवश्यक असते. धातूच्या टाकीवर रंगाच्या थरामुळेही अर्थ तुटतो.

४. साध्या काट्याच्या मापकाची चाचणी घ्यावी. सेंडरची तार टाकीपासून दूरच्या जोडावर सोडवून चावी चालू करावी, मात्र इंजिन सुरू करू नये. १० ते १८० ओहम प्रकारात तार सुटी असता काटा ‘भरलेली’कडे जातो आणि तार क्षणभर अर्थला लावताच ‘रिकामी’कडे येतो. २४० ते ३३ ओहम प्रकारात याच्या उलट घडते. काटा असा हलला, तर मापक व तार ठीक असून दोष सेंडरकडे आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर ही चाचणी करू नये. तेथे नियंत्रकात निवडलेला सेंडरचा प्रकार पडताळावा.

५. सेंडरचा रोध मोजावा. तार सोडवून मल्टीमीटर लावावा आणि फ्लोट हळूहळू वरखाली करावा. रोध सलग बदलला पाहिजे. मध्येच आकडा उडत असेल, तर आतील पट्टी झिजलेली आहे. फ्लोटला छिद्र पडून त्यात डिझेल शिरले असेल, तर तो बुडतो आणि काटा कायम ‘रिकामी’वर राहतो. अशा दोन्ही प्रसंगी त्याच प्रकारचा नवा सेंडर बसवणे इष्ट.

मापक निर्दोष, तरीही फसगत

आडव्या गोल टाकीत उंची आणि आकारमान यांचे प्रमाण सरळ नसते. उंचीच्या एक चतुर्थांश पातळीवर टाकीत २५ नव्हे, तर सुमारे २० टक्केच इंधन असते. चौकोनी टाकीचे गणित सोपे आहे. १२० सेंमी लांब व ६० सेंमी रुंद टाकीत दर सेंमी उंचीला ७.२ लिटर डिझेल मावते. या खुणा मापनपट्टीवर कोराव्यात.

डिझेल जनित्राला योग्य भारावर एका युनिटमागे ढोबळमानाने ०.३ लिटर डिझेल लागते. १० किलोवॅट भारावर हे प्रमाण तासाला सुमारे ३ लिटर होते. पाच तासांनंतर वरील टाकीतील पातळी साधारण दोन सेंमीने उतरली पाहिजे. काटा याहून फार वेगळे सांगत असेल, तर तपासणी हाती घ्यावी. अल्प भारावर मात्र प्रतियुनिट खप वाढतो.

तासांवरून केलेला हा हिशेब दुहेरी इंधनाच्या जनित्राला लागू पडत नाही. दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत ज्या राजधानी क्षेत्रात येते, तेथे १ ऑक्टोबर २०२३ पासून डिझेल जनित्रांच्या वापरावर क्षमतेनुसार अटी लागू झाल्या आणि वायू व डिझेल अशा दुहेरी वापराची व्यवस्था पुढे आली. डिझेलचा वाटा ३० टक्क्यांवर आला, तर वरील उदाहरणात तासाला तीनऐवजी सुमारे एक लिटर डिझेल लागेल. वायूपुरवठा खंडित झाल्यास मात्र खप पुन्हा तीन लिटरवर जाईल. अशा जनित्रावर प्रत्यक्ष मोजमापाला पर्याय नाही.

नित्य व्यवस्था

आठवड्यातून एकदा मापनपट्टीचे माप, काट्याचे वाचन आणि तासमापकाचा आकडा एकाच नोंदवहीत लिहावा. टाकीच्या तळाचे पाणी व गाळ नियमित काढावा. काढणी हंगामापूर्वी सेंडरची जोडणी स्वच्छ करावी. काट्याविषयी शंका असेपर्यंत प्रत्येक पाळीच्या आरंभी मापनपट्टी बुडवूनच जनित्रावर भार द्यावा.