स्पर्शानें आकार कसा ओळखावा?

एखाद्या जुन्या पंपाच्या पात्यास तडा गेला आहे, तें तयार करणारा कारखाना बंद पडला आहे आणि त्याचा नकाशाहि कोठें उपलब्ध नाहीं; अशा वेळीं तसेंच दुसरें पातें कसें करावें? सरळ पट्टी असती तर कॅलिपरनें काम भागलें असतें. पण वांकलेल्या, चढउताराच्या पृष्ठभागापुढें कॅलिपरचे जबडे निरुपयोगी ठरतात. ही अडचण दूर करणाऱ्या एका साधनाची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

मिलिंग मशीन म्हणजे फिरत्या कटरनें धातु कोरणारें यंत्र. लांबी, रुंदी व उंची या तीन दिशांनीं होणारी त्याची हालचाल संगणक अचूक नोंदीत असतो. कटरच्या जागीं 'टच प्रोब' बसविला, कीं कोरणारें यंत्र मोजणारें बनतें. प्रोबच्या बारीक दांडीच्या टोकास कृत्रिम माणकाची गोळी असते. ती वस्तूस टेकतांच संकेत जातो व यंत्र त्या क्षणींचे तीन अंक टिपून घेतें. मग वर उठून, थोडें पुढें सरकून, पुन्हां टेकतें.

असा प्रोब इंग्लंडांत डेव्हिड मॅकमर्ट्री यांनीं इ. स. १९७२ मध्यें शोधून काढला. रोल्स-रॉइस कंपनींत काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनांतील इंधनाच्या बारीक नळ्या मोजावयाच्या होत्या. आणि बारीक नळीवर दाब पडला, तर ती लवते व माप चुकतें. मॅकमर्ट्री यांनीं दांडीचा माथा स्प्रिंगच्या साहाय्यानें सहा स्पर्शस्थानांवर टेकविला व त्यांतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडला. टोकाची गोळी किंचित् ढकलली गेली, तरी प्रवाहास होणारा अडथळा वाढून संकेत मिळतो; दाब निघतांच दांडी नेमकी पूर्वस्थानीं येऊन बसते.

आतां गणिताकडे वळूं. यंत्र नोंदतें तो बिंदु गोळीच्या मध्याचा. पृष्ठभाग त्यापासून एक त्रिज्या दूर असतो. पण कोणत्या दिशेनें? सपाट जागीं सरळ खालीं. मात्र १ मिलिमीटर त्रिज्येची गोळी ४५ अंशांच्या उतारावर टेकली, तर तिच्या मध्याच्या सरळ खालीं पृष्ठभाग १.४१४ मिलिमीटरवर असतो. तेथें १ च वजा केला, तर ०.४१४ मिलिमीटरची चूक पुढें धातूंत कोरली जाते. स्पर्शबिंदूजवळ त्रिज्या व स्पर्शिका परस्परांस लंब असतात, हा वर्गांत पाठ केलेला सिद्धांतच येथें उपयोगीं पडतो: त्रिज्या वजा करावयाची ती उतारास लंब अशा दिशेनें. तो उतार शेजारच्या बिंदूंवरून काढावा लागतो.

बिंदु किती घ्यावे? १०० मिलिमीटर बाजूच्या चौरसावर ५ मिलिमीटर अंतरानें ४४१ बिंदु होतात, आणि १ मिलिमीटर अंतरानें १०,२०१. प्रत्येक स्पर्शास २ सेकंद धरल्यास पहिलें काम सुमारें १५ मिनिटांत होतें. दुसऱ्यास ५ तास ४० मिनिटें लागतात. वेळ वांचविला, तर २ मिलिमीटर रुंदीचा उंचवटा दोन स्पर्शांमध्यें हरवून जाण्याचा संभव असतो. आणि गोळीहून अरुंद अशा खांचेचा तळ तर तिला कधींच गांठतां येत नाहीं.

पडद्यावरील चित्र मात्र सर्वत्र सारखेंच गुळगुळीत दिसतें. त्यांतील बिंदु तेवढे यंत्रानें जाणलेले. मधील जागा संगणकानें कल्पनेनें भरलेली. म्हणून कुशल कारागीर चित्रावर भिस्त ठेवीत नाहीं. जेथें वांक तीव्र, तेथें तो बिंदु दाट घेतो, आणि कांहीं निराळ्या ठिकाणीं पुन्हां टेकवून चित्र खरें आहे कीं नाहीं हें पडताळून पाहतो.

भूमिति कशासाठीं शिकावयाची, असें घरीं विचारणाऱ्या मुलास पालकांनीं हें उदाहरण अवश्य सांगावें. यंत्र स्पर्श करूं शकतें. त्या स्पर्शाचा अर्थ कळण्यास मात्र वहींतील तो सिद्धांत नीट समजलेला मनुष्यच लागतो.